झाकण काढलेलं मशीन

१७ जानेवारी २००५, सोमवार

पुन्हा बंद पडलं! लग्नपत्रिकेतली निमंत्रकांची नावं टाकत होते — आजी सरपंच, माजी सरपंच, सोसायटीचे चेअरमन, साखर कारखान्याचे संचालक, त्यांच्याखाली सगळी भावकी — आणि पडद्यावरचा बाण जागच्या जागी थिजला. माउस हलवला, की-बोर्डवर हात आपटला, कुणीतरी सांगितलेली तीन बटणं एकदम दाबली. काही नाही. शेवटी भिंतीवरचं बटण बंद करून चालू केलं. नावं गेली, सगळी. नवरा-नवरी राहिले, कारण ते आधी सेव्ह केले होते.

आमच्याकडच्या पत्रिकेत नवरा-नवरी दोन ओळींत उरकतात. खरं लग्न लागतं ते खाली, नावांच्या क्रमात. वरचं नाव खाली गेलं तर माणसं जेवायला येत नाहीत. म्हणजे ती सगळी उतरंड आता पुन्हा रचायची.

जेवताना रविराजला सांगितलं. (नवऱ्याचं नाव वहीतच घेते. तोंडानं अजून 'अहो'च.) रांजणगावहून कंपनीतली पाळी करून आला होता, घास चावता चावता डोळे मिटत होते. म्हणाला, विकून टाक ना.

विकून टाक. मग मी काय करू? लग्न होऊन या वस्तीवर आल्यापासून माझं म्हणून एवढं एकच काम आहे — शिरूरच्या प्रेसचं कंपोझिंग. ते गेलं की मी, गोठा आणि भाकरी. गोठ्याचा मला कंटाळा नाही. फक्त तेवढंच असण्याचा आहे.

१८ जानेवारी

आजही. दुसऱ्या वेळी निळा पडदा आला, त्यावर पांढरं इंग्रजी. वाचलंसुद्धा नाही.

२० जानेवारी, गुरुवार

पप्पू शिरूरहून आला. एसटी स्टँडसमोर त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. हे मशीनही त्यानंच जुळवून दिलेलं. आल्या आल्या चहा, मग निदान — "ताई, व्हायरस हाय. फॉरमॅट मारू."

पप्पूचं औषध एकच. डोकं दुखलं तरी फॉरमॅट, पोट दुखलं तरी फॉरमॅट. म्हटलं बाबा रे, जुन्या पत्रिका तरी वाचव. त्यानं जेवढ्या बसल्या तेवढ्या फ्लॉपीवर घेतल्या. त्यातल्या काही फ्लॉप्या उघडल्याच नाहीत, त्याचं खापर त्यानं हवेवर फोडलं.

जाताना त्यानं मशीनच्या डब्याचं एका बाजूचं झाकण काढून बाजूला ठेवलं. आत तापतंय, हवा लागू द्या, म्हणाला. आता सगळं उघडं — तारा, पंखा, हिरवी पाटी. सासूबाई बघायला आल्या. म्हणाल्या, "आगं, ह्येचं तर प्वाटच उघडं टाकलं की." मग झाकण उचलून घेऊन गेल्या. कोंबड्यांच्या खुराड्याला दार नव्हतं, ते झालं.

आबा उंबऱ्यात उभे राहून सगळं बघत होते. सासरे माझ्याशी फार बोलत नाहीत. 'बरं' आणि 'जेवलीस का' एवढ्यावर आमचं इतकी वर्षं भागलंय. आज पप्पूला मात्र त्यांनी विचारलं, हे बरं होईल का, म्हणून. आजारी म्हशीचं विचारावं तसं.

२४ जानेवारी, सोमवार

फॉरमॅट झालं आणि मराठी फॉन्टही गेले. 'श्री गणेशाय नमः' उघडलं तर कसलेतरी कंस आणि टिंबं. जीपनं शिक्रापूर, तिथून एसटीनं शिरूर. प्रेसमधून फॉन्ट फ्लॉपीवर घेतले, तशीच उलट परत आले. घरी आल्यावर फ्लॉपी वाचेना.

रडू आलं नाही. जांभई आली.

२५ जानेवारी

पुन्हा शिरूर. आज फॉन्ट चढले. पाठ भरून आली आहे, लवकर झोपते.

२९ जानेवारी, शनिवार

आठवडा बरा जात होता, तोवर आज दुपारी थिजलं. मग सल्ले. रविराज म्हणतो रॅम बदल. शेजारच्या वस्तीवरचे पोपटराव सहज आले होते, ते म्हणाले तोंड उत्तरेला करून बघा, दक्षिणेला यंत्र टिकत नाही. आई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या दृष्ट लागली, एवढं चांगलं काम करते पोरगी. तोंड उत्तरेला केलं. दृष्ट आईंनीच काढली. मिरच्यांचा ठसका मला लागला, मशीनला काही झालं नाही.

राहिला रॅम. त्याला पैसे कुणाकडे आहेत?

२ फेब्रुवारी, बुधवार

प्रेसचे मालक साहेबराव यांचा फोन. एका पत्रिकेचं काम माझ्यामुळे इतकं लांबलं की नवरीच्या मामाला पत्रिका हळदीच्या दिवशी मिळाली. मामा म्हणे मांडवात तोंड फिरवून बसला होता.

साहेबराव वाईट माणूस नाहीत. आवाज न चढवता म्हणाले, "ताई, काम तुमचं चोख हाय, चूक म्हणून सापडत न्हाई. पर लग्नाची तारीख तुमच्या मशीनसाठी थांबत न्हाई ना." हा महिना बघणार. नाही जमलं तर शिरूरमध्येच एक माणूस ठेवणार.

त्यांच्या जागी मी असते तर आधीच ठेवला असता.

५ फेब्रुवारी, शनिवार

सापडलं! निदान मला तरी वाटतंय सापडलं.

मशीन बंद पडायच्या थोडं आधी डोक्यावरचा बल्ब पिवळा पडतो. यूपीएस टीं टीं करतो. का? आबांची मोटर.

आमच्याकडे दिवसा सिंगल फेज असते, थ्री फेज रात्री. पाण्याची मोटर थ्री फेजवरची. म्हणजे कांद्याला पाणी द्यायचं तर रात्री रानात जायला हवं. पण रात्री जातो कोण? उसात बिबट्या आहे, आणि आबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं. म्हणून सगळी वस्ती करते तेच तेही करतात — कंडेन्सर जोडून दिवसाच्या सिंगल फेजवरच मोटर ओढतात. मोटर सुरू झाली की घरात मिक्सर कण्हतो, पंखा मरगळतो. मशीनचं काय होत असेल!

काल आबा बाजाराला गेले होते, मोटर बंद. दुपारभर मशीन लोण्यासारखं चाललं. पप्पूला फोन करून सांगितलं तर म्हणाला, व्हय ताई, व्होल्टेजच असणार, मी म्हणलोच हुतो. कधी म्हणाला होता देव जाणे.

७ फेब्रुवारी, सोमवार

रविराजला म्हटलं, तुम्ही आबांशी बोला. म्हणाला, मी नाही. कांदा ऐन पोसायला लागलाय, आता पाणी तोड म्हणून कुठल्या तोंडानं सांगू? खरंच आहे त्याचं. पण माझंही खरंच आहे. दोन खरी एका तारेवर बसलीत.

या घरात आल्यापासून आबांकडे मी काहीच मागितलेलं नाही. ओळच सापडत नाही कशी सुरू करावी ती.

८ फेब्रुवारी, मंगळवार

बोलले. जेवायला वाढताना, भाकरी ताटात टाकता टाकता. "आबा, दिवसाची मोटर सुरू झाली की माझं मशीन बंद पडतं. असंच चाललं तर माझं काम सुटेल."

त्यांचा घास हातात थांबला. आईंनी माझ्याकडे पाहिलं — कसं ते लिहीत नाही. रविराज ताटातल्या चटणीकडे असा बघत राहिला की जणू तिच्यात काही छापलंय.

आबा म्हणाले, "बरं." राहिलेली भाकरी खाल्ली, हात धुतला, बाहेर गेले.

बोलले याचं बरं वाटतंय. आणि वाटतही नाहीये.

१० फेब्रुवारी, गुरुवार

आबांनी कंडेन्सर सोडून ठेवलाय. दिवसाची मोटर बंद. आणि काल रात्री थ्री फेज आल्यावर काठी-बॅटरी घेऊन स्वतः पाणी द्यायला गेले. मला सकाळी कळलं, त्यांचे चिखलाचे पाय बघून.

मला वाटलं होतं मोटर थोडी पुढेमागे करतील. मी काम करत नसेन तेव्हा लावतील. रात्री जातील असं मनातसुद्धा आलं नव्हतं. रविराजला जायला सांगावं तर त्याची हा महिनाभर रात्रपाळी. आई ते परत येईपर्यंत ओट्यावर बसून होत्या म्हणे. त्यांनी मला काही ऐकवलं नाही, चहासुद्धा दिला. 

मशीन दिवसभर चाललं.

१२ फेब्रुवारी, शनिवार

अजून चालतंय. तुंबलेल्या पत्रिका निघाल्या. फ्लॉपी जीपवाल्याच्या हाती प्रेसला पाठवली, साहेबरावांचा लगेच फोन — अशीच गाडी रुळावर राहू द्या.

आबा दुपारी ओसरीवर मेल्यासारखे झोपतात. तोंडावर माश्या बसतात तरी हलत नाहीत. त्यांचंच उपरणं अलगद तोंडावर टाकलं.

१४ फेब्रुवारी, सोमवार

बंद पडलं.

मोटर बंद होती. बल्ब लख्ख होता. यूपीएस गप्प. तरी बाण थिजला.

कुणाला सांगितलं नाही.

१५ फेब्रुवारी

आज दुपारभर तेच. चालू करते, थोडं चालतं, थिजतं. पूर्वीपेक्षा वाईट.

१७ फेब्रुवारी, गुरुवार

मी आता जे करते आहे ते वेडेपणाचं आहे. पण लिहून ठेवते.

मशीन थिजलं तरी मी खुर्चीवरून उठत नाही. ओसरीवर आबा आडवे झालेले असतात, मधे नुसती भिंत. म्हणून थिजलेल्या पडद्यासमोर बसून की-बोर्ड बडवत राहते. टकटक टकटक. आवाज थांबला तर त्यांना कळेल की ते रात्री फुकट जातात. ते उठून रानात गेले की मशीन चालू करते आणि ते तग धरेल तेवढं काम करून घेते. बोटं दुखतात ती काम न केल्यानं!

आईंना सांगून टाकलं आज, चुलीपुढे. वाटलं आता फुटतील. त्या भाकरी थापत म्हणाल्या, "गप ऱ्हा आता. जल्मात पैल्यांदा त्यांनी कुनाचं ऐकलंय. फुकट गेलं म्हणलीस तर म्होरं कवाच ऐकायचे न्हाईत." थोड्या वेळानं म्हणाल्या, पण रात्री रानात जाऊ देऊ नको त्यांना. ही दोन्ही एकदम कशी करायची ते काही सांगितलं नाही.

पोपटरावांच्या उसाजवळून बिबट्यानं कुत्रं नेलं. दुपारी हीच चर्चा. आबा ऐकत होते, बॅटरीत नवे सेल घालत.

१९ फेब्रुवारी, शनिवार

उद्या सांगते. नक्की.

२१ फेब्रुवारी, सोमवार

काल सांगितलं नाही. आणि आज पहाटे आबा पडले.

बिबट्या नाही, काही नाही. वाफ्यांना पाणी वळवताना, दारं धरताना, पाटाच्या कडेवरून पाय घसरला. अंधारात कड दिसली नाही एवढंच. पोपटराव पहाटे त्यांच्या पाण्याला निघाले होते, त्यांना हाक ऐकू आली. स्कूटरवर मागे बसवून आणलं. घोटा सुजून टरारलाय. तळेगावचे डॉक्टर म्हणाले, मोडलं नाही, पण चांगलंच लचकलंय.

रविराज ड्यूटीवरून आला, बापाचा पाय बघितला, माझ्याकडे बघितलं नाही. बरंच केलं. त्यानं बघितलं असतं तर मी काय दाखवणार होते?

नुसतं बोलायचं राहिलं म्हणून माणूस चिखलात पडला.

२२ फेब्रुवारी, मंगळवार

सांगितलं. आबा बाजेवर होते, पायाखाली उशी. मी विटकर गरम करून फडक्यात बांधून शेकत होते. मान खालीच होती, तशीच बोलले. "आबा, मशीन अजून बंद पडतं. तुमची मोटर बंद असली तरी पडतं. दोष मोटरीचा नव्हता."

"ठावं हाय."

मी वर बघितलं.

"भित्तीतनं आवाज येतो की," ते म्हणाले. "काम करताना तू मधी थांबती. इचार करती, मग पुन्हा चालू. बंद पडलं की थांबतच न्हाईस. नुसती बडवती."

"मग रात्रीचं का जात होता?"

"तू मागितलं हुतं."

एवढंच. मग म्हणाले, वीट थोडी खाली घे, तिथं दुखतंय. मी खाली घेतली. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून तसंच वाहू दिलं. त्यांनी छताकडे बघत राहून मला सोयीचं केलं.

इतकी वर्षं मला वाटत होतं की या घरात मी मशीनवर काय करते त्याकडे कुणाचं लक्ष नाही. ते तर भिंतीपलीकडून माझं थांबणंसुद्धा ऐकत होते.

२४ फेब्रुवारी, गुरुवार

पप्पूला शेवटचं म्हणून बोलावलं. महिना सरत आला, साहेबराव सोमवारी ठरवणार. पप्पूला आधीच बजावलं, फॉरमॅट हा शब्द काढलास तर चहा मिळणार नाही. बिचारा मग खाली बसला आणि डब्याच्या उघड्या बाजूनं आत बॅटरी मारली.

पंखा फिरतच नव्हता. फिरणार कसा? पात्यांवर पिवळं, तेलकट, लिंपल्यासारखं घट्ट काहीतरी. पंख्याखालच्या खाचासुद्धा त्यानंच बुजलेल्या. पप्पूनं नखानं खरवडून वास घेतला. "ताई, ही तर हळद हाय. हितं कुठनं आली?"

मला काय माहीत? चूल पलीकडच्या खोलीत. हळद यंदा आम्ही दळलेलीसुद्धा नाही, विकतची डब्यात आहे. आईंना विचारलं, त्याही म्हणाल्या नवलच हाय. कोंबड्या तर मसाल्याच्या डब्यापर्यंत जात नाहीत.

पप्पूनं जुना दात घासायचा ब्रश मागून घेतला. बराच वेळ घासत बसला, मग मशीनच्या तेलाचा थेंब सोडला. पंखा फिरला. म्हणाला, पंखा अडला की आतली चिप तापते, तापली की सगळं थिजतं. सुरुवातीला व्हायरस असेलही, पण आता हेच.

इतकंच! एक पंखा. त्यासाठी एक म्हातारा माणूस अंधारात हिंडला.

झाकण लावून जा म्हटलं तर पप्पू खुराड्याकडे बघून हसला. वाकलंय ते, आता बसायचं न्हाई. दुसरं मिळालं की आणून देतो.

२६ फेब्रुवारी, शनिवार

काल रविराजनं स्वतः कंडेन्सर जोडला आणि दिवसा मोटर लावली. आज पुन्हा. बल्ब पिवळा पडला, यूपीएस ओरडला — आणि मशीन चालत राहिलं. मोटर आणि मी, दोघी एकदम! साहेबरावांनी मुद्दाम अवघड पत्रिका दिली होती, दोन आमदार-गटांची नावं असलेली, कुणाचंच कुणाच्या खाली चालत नाही अशी. ती संध्याकाळी पूर्ण झाली. फोनवर वाचून दाखवली. म्हणाले, ताई, सोमवारची वाट कशाला बघू, काम तुमच्याकडंच ठेवतो.

आधी आबांना सांगितलं, मग बाकीच्यांना. "बरं," म्हणाले. हसले बहुतेक. मिशीमुळे नीट कळत नाही.

रविराज आज माझ्याशी बोलला. मीठ दे, म्हणाला. त्याच्या भाषेत ते पुष्कळ झालं.

२७ फेब्रुवारी, रविवार

सकाळी मधल्या खोलीच्या दाराआड केर काढत होते. आबा अंघोळ करून लंगडत आत आले, मी त्यांना दिसले नाही. हातात देव्हाऱ्यातली भंडाऱ्याची पिशवी. एक चिमूट त्यांनी मशीनच्या कपाळाला लावली, आणि उरलेली मूठ त्याच्या उघड्या पोटात उधळली. हात जोडून हळूच म्हणाले, "खंडेराया, दर ऐतवारी मागत हुतो, अखेर दिलंस. पोरीचं काम असंच चालू ऱ्हाऊ दे."

ते गेल्यावर मी मशीनपाशी बसले. पंख्यावरचं पिवळं उडवायला फुंकर मारायला वाकले.

मारवेना.